पाखरं पाहा, पण वाट आमची आहे



मागच्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. धान कापून झालं होतं, बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. आम्ही चौघी जणी जळतणाच्या मोळ्या घेऊन वरच्या रानातून उतरत होतो. जिथं साजाची, मोहाची जुनी झाडं संपतात आणि तलावाच्या पोटातलं ओलं गवत सुरू होतं, तिथं सहा-सात पाहुणे उभे होते. गळ्यात दुर्बिणी, हातात मोठमोठे कॅमेरे. त्यांच्यासोबतच्या माणसाने हात वर केला. म्हणाला, "बाई, तिथंच थांबा. आवाज करू नका, पाखरं उडतील." आम्ही थांबलो. मोळ्या डोक्यावर तशाच. पंधरा-वीस मिनिटं मान अवघडून उभ्या राहिलो. शेवटी पाहुण्यांचे फोटो झाले. मग तो म्हणाला, "आता इथं पक्षी पाहायची वाट होणार आहे. तुम्ही खालच्या बाजूनं जात जा."

खालच्या बाजूनं म्हणजे दीड कोसाचा फेर. तोही भरल्या डोक्याने.

माझ्या मागच्या म्हातारीने रस्त्यात तोंड उघडलं. "पन्नास वर्सं झाली मले या वाटेनं येता-जाता. मले पाहून पाखरू उडते म्हनते! हे आले तवा उडाले का नाई, ते त्याइले इचारा."

त्या माणसाचं नाव मी लिहीत नाही. नावाचा प्रश्न नाही. आज एका वाटेवर झालं, उद्या दुसऱ्या वाटेवर होईल. सिहोरा भागात आणि सगळ्या तुमसर तालुक्यात रान आहे, तलाव आहेत, ओली गवताळ कुरणं आहेत. चांदपूरच्या जलाशयावर लोक आधीपासून फिरायला येतात. उद्या कोणी पाटी लावेल, परवा तारेचं कुंपण घालेल, तेरवा पावती फाडेल. त्याच्या आधी आपलं म्हणणं आपण लिहून ठेवलं पाहिजे, म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच साफ सांगते. आम्ही पाखरांच्या विरोधात नाही. पाहुण्यांच्याही विरोधात नाही. पाखरू पाहावं, त्याचं नाव विचारावं, त्याचा आवाज ऐकावा, यात वाईट काय आहे? वाईट हे आहे, की पाखरू वाचवायचं असेल तर आधी माणूस हटवला पाहिजे असं ठरवून टाकायचं. आणि हटवायचा माणूस नेहमी मोळीवाला, गुराखी, नाहीतर ढिवर. दुर्बीणवाल्याला कोणी हटवत नाही.

पाखरं आम्हाला नवी नाहीत

पावशा ओरडायला लागला की आपण बी-बियाणं बाहेर काढतो. नवरंग रानात बोलायला लागला की पाणी जवळ आलं हे लहान पोरालाही कळतं. टिटवीने अंडी खोलगट जागी घातली की उंचावर, यावरून म्हातारी माणसं पावसाचा अंदाज सांगतात. सिंगाडे काढायला पाण्यात उतरणाऱ्या बाईला माहीत असतं, की कमळपक्ष्याचं घरटं पानावरच तरंगतं आणि अंड्यांवर नर बसतो, मादी नाही. ती वेल बाजूला सारते, घरट्याला हात लावत नाही. तिने ते पुस्तकात वाचलेलं नाही.

आपल्या गोंडी समाजात जाणते सांगतात, की साडेसातशे कुळं आहेत आणि प्रत्येक कुळाला एक झाड, एक जनावर, एक पाखरू सांभाळायला दिलं आहे. ज्या कुळाचं जे पाखरू, ते त्या कुळाने मारायचं नाही, खायचं नाही. सरकारचा वन्यजीव कायदा १९७२ सालचा. आपला कायदा त्याच्या किती आधीचा, ते तुम्हीच मोजा.

बाहेरच्या माणसाने शिकायचं ठरवलं तर तो शिकतोही. मारुती चितमपल्ली वनखात्याचे अधिकारी होते. नवेगावबांधला आले तेव्हा तिथल्या तलावाची आणि पाखरांची माहिती ते माधवराव पाटील डोंगरवारांकडून शिकले, रानातल्या माणसांकडून शिकले. आणि हे त्यांनी लपवलं नाही, पुस्तकांतून लिहून ठेवलं. अधिकारी असूनही ते ऐकायला बसले. असा पाहुणा दारात आला तर त्याला खाट टाकू, चहा देऊ. पण आम्हालाच बाजूला उभं करून आमच्याच रानाची माहिती पाटीवर लिहिणाऱ्याला काय म्हणायचं?

रानपिंगळ्याचं पाहा. १८८४ नंतर तो कोणा शास्त्रज्ञाला दिसला नाही, म्हणून पाखरू संपलं असं धरून चालले. ११३ वर्षांनी, १९९७ साली, शहाद्याजवळच्या रानात तो 'सापडला'. त्या ११३ वर्षांत ते रान काही ओसाड नव्हतं. तिथं भिल्ल होते, पावरा होते, त्यांची पोरं गुरं राखत होती. रानपिंगळा दिवसाढवळ्या फिरणारं घुबड आहे, लपून बसणारं नाही. गावात जाऊन म्हाताऱ्यांना विचारलं असतं तर ११३ वर्षं लागली असती का?

ही ओली कुरणं आणि वाटा कोणी केल्या?

पाहुण्यांना वाटतं, की तलाव, गवत आणि जुनं झाड हे सगळं आपोआप झालं. नाही बाप्पा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतले हजारो तलाव आणि बोड्या गोंड राजांच्या काळापासून माणसांनी बांधल्या. कोहळी लोकांनी पाळी घातल्या, ढिवरांनी मासळी सांभाळली, सगळ्या जातींच्या मजुरांनी माती वाहिली. पुढे त्यावर मालगुजार बसले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, म्हणून आज त्यांना 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. पाळ फुटली की गाव धावतं, पण मालकी कागदावर सरकारची.

तलावाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरतं, तिथं ओलं गवत उगवतं, गाळपेर होते, गुरं चरतात. पावसाळ्यात पाणी पुन्हा चढतं. या चढ-उतारावर करकोचे, बगळे, टिटव्या, थंडीत हिमालय ओलांडून येणारे हंस आणि बदकं, सगळे जगतात. सारस तर धानाच्या बांधीतच घरटं करतो. माणसाएवढा उंच पक्षी, पण त्याला राखीव किल्ला लागत नाही. ओल लागते, धान लागतो आणि घरटं न मोडणारा शेतकरी लागतो. आज महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात. शेतकऱ्याला हाकलून सारस कुठं राखणार?

आणि सरकारी कागदात या ओल्या जागांचं नाव काय? पडीक. नाहीतर झुडपी जंगल. आमचे पूर्वज आले, गुरं चारली, पाणी राखलं, तरी ते 'पडीक'. शहरातला माणूस दुर्बीण घेऊन आला, की तेच 'पर्यटनस्थळ'.

वाटेचंही तसंच. वाट पायांनी पडते. बायांच्या मोळ्यांनी, मोहफुलाच्या टोपल्यांनी, तेंदूपानाच्या ओझ्यांनी ती घट्ट झाली. वर्षभर कोणी चाललं नाही तर तरोटा आणि काटे वाट खाऊन टाकतात. ज्या वाटेवर पाहुणा मजेत चालतो, ती आमच्या पायांची मजुरी आहे. त्या मजुरीचा एक रुपया कोणी दिला नाही, आम्ही मागितलाही नाही. पण आता त्या वाटेवरून आम्हालाच 'बाजूला व्हा' म्हणत असाल, तर हिशेब होऊन जाऊ द्या.

भरतपूरचा धडा

माणूस आणि गुरं हटवली की पाखरं वाढतात, हे राजस्थानात भरतपूरला करून पाहिलेलं आहे. तिथं पाणथळ जागेत देशोदेशीची पाखरं येतात. आसपासच्या गावांच्या म्हशी तिथं पिढ्यान्‌पिढ्या चरायच्या. चराई बंद व्हावी असं मोठमोठ्या पक्षीतज्ज्ञांचं म्हणणं होतं. राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८२ साली चराईबंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली.

मग काय झालं? म्हशी गेल्या, आणि पाण्यातलं गवत बेफाम वाढलं. उथळ पाणी गवताने भरून गेलं, बदकांना पोहायला, चरायला मोकळं पाणी उरलं नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि शेवटी त्यांनाच लिहावं लागलं, की चराईबंदीने पाखरांचं नुकसान झालं. म्हैस पाखराची वैरी नव्हती, सोबती होती. ही गोष्ट भरतपूरच्या गुराख्याला ठाऊक होती. त्याला कोणी विचारलं नाही, त्याच्यावर गोळी झाडली.

आपल्याकडचं उलट उदाहरणही आहे. अर्जुनी मोरगाव भागात ढिवर बायांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने तलावांतलं बेशरम उपटलं, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. देशी मासळी परत येऊ लागली, आणि मासळीमागे पाखरंही आली. तिथं कुंपण घातलं नाही. तिथं बाया चिखलात उतरल्या.

मग पाखरं कोणी कमी केली?

आपल्याला दोष देतात, म्हणून हा हिशेब मांडतेच.

धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर बाहेरून चारा आणतो. ढोली नसेल तर धनेश नाही. घुबड, पोपट, सुतार, सगळ्यांना जुनं, पोकळ झाड लागतं. अशी जुनी मिश्र जंगलं तोडून सागाच्या रांगा कोणी लावल्या? १९७४ साली निघालेल्या वनविकास महामंडळाने. साग विकतो, ढोली विकत नाही. आम्ही मोळी आणतो ती वाळल्या काड्यांची. ट्रकांनी लाकूड कोणी नेलं, ते डेपोच्या दप्तरात लिहिलेलं आहे.

गिधाडं कुठं गेली? आमच्या लहानपणी मेलेलं ढोर टाकलं की आभाळातून उतरायची. गुरांना द्यायच्या डायक्लोफिनॅक नावाच्या औषधाने ती मेली. ते औषध दिलेलं ढोर खाल्लं की गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्व्याण्णव संपली, तेव्हा कुठं २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. ते औषध काय आम्ही गोंडांनी काढलं होतं?

सारस कशाने मरतो? गोंदिया जिल्ह्यात विजेच्या तारांना लागून सारस मेल्याच्या नोंदी आहेत. धानावरच्या विषारी फवारणीनेही मरतो. तार आमची नाही, विषाचा कारखानाही आमचा नाही.

आणि शांततेचं म्हणाल, तर आमच्याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याला मॅंगनीजच्या खाणी आहेत. तिथं सुरुंग उडतात. त्या सुरुंगांना कोणी "आवाज करू नका" म्हटल्याचं मी ऐकलं नाही. बावनथडीच्या धरणात कमकासूर, सुसुरडोहसारखी आदिवासी गावं उठली. तेव्हाही रान बुडालं, झाडं बुडाली, घरटी बुडाली. त्या वेळी दुर्बिणी कुठं होत्या?

आता आपलं माप

दुसऱ्याचं माप काढलं, आता स्वतःचंही काढू. खोटं बोलून हक्क टिकत नाही.

आपली काही पोरं फासे लावतात. तितर, लावे धरून बाजारात चोरून विकतात. काही जण मासळीसाठी पाण्यात विष टाकतात. त्याने मासळी मरते, बगळा मरतो, आणि ते पाणी पिणारं आपलंच ढोर मरतं. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली आग लावतात, ती आग जमिनीवरच्या घरट्यांवरून जाते. आपल्या आजा-आजीच्या काळी पोटापुरती पारध होती आणि तिला कुळाचे, सणाचे, दिवसांचे नियम होते. आता नियम सुटला आणि बाजार उरला. वनहक्क कायदाही शिकारीचा हक्क देत नाही, हे लक्षात ठेवा. एका पोराच्या फाशामुळे अख्ख्या गावाचा दावा बदनाम होतो. नाकेदार तेवढंच दाखवतो.

हे थांबवायचं काम नाकेदाराचं नाही, ग्रामसभेचं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने ते करून दाखवलं. सामूहिक हक्क मिळाल्यावर त्यांनी स्वतःचे नियम केले. तेंदूपानासाठी फांद्या तोडाव्या लागतात, आगी लागतात, म्हणून तेंदूपान तोडणंच बंद केलं. येणारा पैसा सोडला. आता तेंदूची फळं माणसं खातात, पाखरंही खातात. शिवाय जंगलाचा एक भाग कोणी हात लावायचा नाही म्हणून राखून ठेवला. हे कोणा साहेबाने सांगितलं नव्हतं. हक्क हातात आला, म्हणून जबाबदारीही घेता आली.

दोन शंका

आपल्यातलेच काही म्हणतात, "पाखरं पाहून काय पोट भरते? हा मोठ्या लोकाइचा खेळ. आपन कायले पडाव यात?" मी म्हणते, पडलंच पाहिजे. पाखराच्या नावाने जमीन जाते. खाणीच्या नावाने जाते तेव्हा आपण मोर्चा काढतो, पाखराच्या नावाने जाते तेव्हा लाजून गप्प बसतो, कारण पाखरू सगळ्यांनाच आवडतं. हाच त्यातला डाव आहे.

दुसरे म्हणतात, "येऊ द्या ना पाहुने. आपल्या पोराइले गाइडचं काम भेटते." काम भेटलं तर चांगलंच. पण नीट विचार करा. वाट दुसऱ्याची, पावती दुसऱ्याची, नियम दुसऱ्याचा, आणि आपला पोरगा हंगामापुरता रोजीवर. उद्या त्याला काढलं तर तो कुणाकडे दाद मागणार? हीच वाट ग्रामसभेची असेल, पावती ग्रामसभेची असेल, तर तोच पोरगा गावाचा माणूस म्हणून उभा राहील. पाहुण्याला तो सांगेल, "आता आमच्या बाया मोळ्या घेऊन येतील, तुम्ही बाजूला थांबा." मालकाच्या घरी चाकरी करणं आणि स्वतःच्या घरी पाहुणा बोलावणं, यात फरक आहे का नाही?

कायदा काय म्हणतो

भंडारा जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून पेसा आपल्याला लागू नाही. हे ऐकवून बरेच साहेब आपल्याला गप्प करतात. गप्प होऊ नका. २००६ चा वनहक्क कायदा सगळ्या वनक्षेत्राला लागू आहे, आपल्यालाही.

त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये निस्तार हक्क आहे, गौण वनउपजाचा हक्क आहे, मासळी आणि चराईचा हक्क आहे. सामूहिक वनसंसाधन राखण्याचा, वाढवण्याचा, त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्क आहे. जैवविविधतेबद्दलच्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा हक्क आहे. पाखरांची आपली माहिती ही त्यातच आली. कलम ५ प्रमाणे वन्यजीव, जंगल आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. सामूहिक जंगलात कोणी यायचं, कसं यायचं, हे ठरवण्याचाही आहे. अभयारण्यातसुद्धा हक्क आधी मान्य केल्याशिवाय आणि ग्रामसभेची लेखी संमती घेतल्याशिवाय कोणाला हलवता येत नाही. नागझिरा, कोका, नवेगाव मिळून २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला, तिथल्या शेजारच्या गावांनी हे कलम पाठ करून ठेवावं.

हा कायदा एकट्या आदिवासीचा नाही. ढिवर, गोवारी आणि इतर जे तीन पिढ्यांपासून जंगलावर जगतात, तेही 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून त्यात आहेत. आपल्यात भांडण लावायला कोणी आलं, तर हे त्याला दाखवा.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला. तो कोणी आणून दिला नाही. गावाने एकत्र बसून, अभ्यास करून, कागद जमवून मिळवला.

आता काय करायचं

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. शब्द आपल्या गावाप्रमाणे बदला, पण मुद्दे सोडू नका.

१) गावाच्या हद्दीतल्या रानातल्या, तलावाच्या पाळीवरच्या आणि ओल्या कुरणातल्या सगळ्या वाटा गावाच्या निस्ताराच्या वाटा आहेत. त्यांचा नकाशा गाव स्वतः काढेल आणि सामूहिक वनसंसाधनाच्या दाव्याला जोडेल.

२) जुन्या निस्तार पत्रकाची नक्कल काढून दाव्याला लावली जाईल. म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घेतले जातील. कोणती वाट कुठं जाते, कोणत्या तलावावर कोण मासळी धरतं, कुठं गुरं चरतात, हे त्यात येईल.

३) पाखरांची नोंद गाव करेल. २००२ च्या जैवविविधता कायद्यात लोकजैवविविधता नोंदवही आहे, ती पंचायतीत धूळ खात असेल तर बाहेर काढा. पाखराचं नाव आपल्या बोलीत आणि गोंडीत लिहा. कधी येतं, कुठं घरटं करतं, काय खातं, ते लिहा. शाळेतली पोरं लिहितील, म्हातारे सांगतील.

४) फासे लावणं, पाखरं विकणं, पाण्यात विष टाकणं, मोहाखाली आग लावणं गावात बंद. मोडणाऱ्याला जाब ग्रामसभा विचारेल. ढोलीचं जुनं झाड कोणीही, खात्यानेसुद्धा, ग्रामसभेला विचारल्याशिवाय तोडायचं नाही.

५) पाखरं पाहायला येणाऱ्याने ग्रामसभेला विचारून यावं. घरट्यांच्या दिवसांत कुठं जायचं नाही, हे गाव ठरवेल. वाटेवर मोळी, टोपली, गुरं आली तर पाहुण्याने बाजूला व्हायचं.

ठरावाची एक प्रत उपविभागीय समितीला द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर दिलंच नाही असं म्हणतील. एक प्रत या पत्रकाकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.

ती म्हातारी आताही त्याच वाटेने जाते. मीही जाते. परवा तलावावर सारसाची जोडी आम्ही दोघींनी पाहिली. उडाली नाही. आम्ही जरा वेळ थांबलो, आमच्या मर्जीनं, आणि मग मोळ्या उचलून घरी आलो.

जल, जंगल, जमीन आमची! ग्रामसभा जिंदाबाद!
जय सेवा! जोहार!

— सिहोरा भागातली एक मोळीवाली
(वाचून झाल्यावर हा अंक शेजारच्या गावाला द्या. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.)